भाऊंची वाक्यं

भाऊ पुन्हा बोलले त्या दिवशी दवाखान्याच्या खोलीतले सगळे रडले. शर्वरी निरगुडेला मात्र रडू आलं नाही. हे वाक्य आपण लिहिलेलं आहे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची तिला लाज वाटली.

"मला घराघरांत पाणी न्यायचं आहे," भाऊ म्हणाले होते. म्हणजे त्यांच्या मांडीवरच्या छोट्या डबीतून त्यांचा आवाज आला होता. आवाज हुबेहूब तोच, किंचित घोगरा. भाऊंचे ओठ हलले नव्हते, ते हलणारही नव्हते.

पुंडलिकराव नाठे, अख्ख्या वऱ्हाडाचे भाऊ, राज्याचे जलसंपदामंत्री. उन्हाळ्यात एका बैठकीत बोलता बोलता ते खुर्चीतून खाली घसरले. झटका मेंदूच्या देठाला बसला होता. विचार शाबूत, आठवणी शाबूत, पण मेंदूतून निघालेला हुकूम जिभेपर्यंत, हातापायांपर्यंत नेणारी वाटच तुटलेली. उरले होते फक्त डोळे. तेवढे इकडून तिकडे फिरत.

डॉ. इरफाना काझी यांनी मग त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पातळ जाळी बसवली. वाट तुटली तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत, हे त्यांनी शर्वरीला समजावून सांगितलं होतं. माणूस मनात 'म' म्हणतो तेव्हा ओठ मिटायचा हुकूम सुटतो, 'ल' म्हणतो तेव्हा जीभ टाळ्याला लावायचा. जाळी ते टिपते. पण टिपलेलं फार पुसट असतं, लग्नाच्या मांडवात पलीकडच्या टेबलावरचं बोलणं ऐकू यावं तसं. एखादं अक्षर कळतं, दोन निसटतात. म्हणून डबीतला दुसरा भाग अंदाज बांधतो. फोनवर आपण दोन शब्द लिहिले की तिसरा तोच सुचवतो, त्याचाच हा मोठा भाऊ. त्यासाठी त्याला आधी त्या माणसाचं बोलणं भरपूर वाचायला द्यावं लागतं.

"भाऊंचं लिहिलेलं काय काय आहे तुमच्याकडे?" इरफानानं विचारलं होतं.

भाऊंनी स्वतः काही लिहिलेलं नव्हतंच. होती ती भाषणं, आणि ती शर्वरीच्या लॅपटॉपवर होती. घाईच्या दिवसांत तिनं निवडानिवड केली नाही. सगळंच्या सगळं देऊन टाकलं.

वीसेक वर्षं ती भाऊंची स्वीय सहायक होती. सरकारी कागदावर काम फोन घेण्याचं आणि भेटी ठरवण्याचं, खरं काम लिहिण्याचं. नाशिकची मुलगी, मराठीची सुवर्णपदकवाली. तिची वाक्यं भाऊंच्या तोंडी अशी बसली की लोकांना ती पाठ झाली. आयुष्यभर तिनं 'मी आलो', 'मी पाहिलं', 'मी गप्प बसणार नाही' असं पुरुषाच्या 'मी'नं लिहिलं. कधी कधी घरी कुलूप उघडताना तिच्या तोंडून 'आलो' निघून जाई. ऐकायला कुणी नसे. नवरा कधीच वेगळा झाला होता. जाताना म्हणाला होता, "तुझ्याशी भांडताना मला कळतच नाही, तू बोलतेयस की तुझे भाऊ बोलतायत." गेल्या वर्षी आई गेली. नातेवाईक भेटले की भाऊंची चौकशी करत.

आता तर तिला लिहावंही लागत नव्हतं. डबीला दोन-चार मुद्दे दिले की भाऊ घडाघडा बोलत. लोक म्हणत, आजारपणात माणूस आणखीच धारदार झालाय.

* * *

हिवाळी अधिवेशनासाठी सगळे नागपुरात आले, तेव्हा प्रश्न एका विधेयकाचा होता. नद्यांचं पाणी दीर्घ मुदतीच्या करारानं डेटा केंद्रांना द्यायचं. त्या प्रचंड यंत्रशाळा थंड ठेवायला रात्रंदिवस पाणी लागे. सरकार भाऊंच्या मूठभर आमदारांवर उभं होतं. भाऊ बाजूनं बोलले की विधेयक पार, नाहीतर सरकार गेलं.

आदल्या दिवशी विरोधी बाकांवरून हरकत आली. हे भाऊसाहेबांचं मत आहे की डबीचं? सभागृहात यंत्राला बोलायचा अधिकार कुणी दिला? गोंधळ झाला. शेवटी अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. उद्या भाषणाआधी मी स्वतः भाऊसाहेबांना एक प्रश्न विचारीन, आधी न कळवता. उत्तर ऐकून सभागृहानं ठरवावं.

म्हणून त्या सकाळी बंगल्याच्या पुढच्या खोलीत तालीम चालली होती. खिडकीतून कोवळं ऊन भाऊंच्या गुडघ्यांवर पडलं होतं. इरफाना डबीला जोडलेल्या पडद्यासमोर बसली होती. विक्रांत, भाऊंचा मुलगा, येरझाऱ्या घालत होता. पस्तिशीचा, नीटनेटका, वडिलांच्या नावाशिवाय स्वतःचं काहीच नसल्याची धास्ती चेहऱ्यावर कायम वागवणारा.

"विचारा काहीही," तो म्हणाला. "साधंसुधं."

इरफाना भाऊंकडे वळली. "भाऊ, सकाळी काय खाल्लंत?"

थोडा वेळ गेला. मग डबी बोलली, "या मातीनं माझ्या ताटात जे वाढलं, ते मी कृतज्ञतेनं खाल्लं."

"वा!" विक्रांत म्हणाला, आणि लगेच गप्प झाला. भाऊंनी झटक्यापासून तोंडानं काही खाल्लंच नव्हतं. पातळ पेज नळीवाटे पोटात जात होती.

"थंडी वाजतेय का तुम्हाला?" इरफानानं पुन्हा विचारलं.

"थंडी असो वा ऊन, माझा कार्यकर्ता रस्त्यावर उभा आहे."

आता कुणी वा म्हटलं नाही. विक्रांत शर्वरीसमोर येऊन उभा राहिला. "ताई, अध्यक्षांनी असलं काही विचारलं तर? बाहेर चॅनेलवाले उभे आहेत. बाराला आत जायचंय. काहीतरी सुचवा ना. तुम्हाला नेहमी सुचतं."

हे खरं होतं. तिला नेहमी सुचायचं. हेलिकॉप्टरच्या पायरीवर, लिफ्टमध्ये, एकदा तर स्मशानात. चारी बाजूंनी कोंडी झाली की डोक्यात कुठूनतरी वाक्य येऊन पडायचं. आज मात्र कोरं होतं. गेल्या पाच महिन्यांत तिला एकही वाक्य सुचवावं लागलं नव्हतं.

तिनं भाऊंकडे पाहिलं. त्यांचे डोळे तिच्यावर होते, आणि कडेनं पाणी ओघळत होतं. नर्सनं ते टिपलं. डॉक्टर म्हणत, हे आजारात होतंच, त्याचा अर्थ लावू नका.

डबी पुन्हा बोलली. भाऊंच्याच घोगऱ्या आवाजात.

"मी थकले आहे."

विक्रांत कसंनुसं हसला. "बाबा बाई कधीपासून झाले?"

"व्याकरणाची चूक असेल, दुरुस्त करते," इरफाना पडद्याकडे वळली.

"थांबा," शर्वरी म्हणाली.

ही चूक नव्हती. हे वाक्य तिचं होतं. आईचे दिवस झाल्यावर एका दुपारी तिनं कॅनडातल्या बहिणीला काहीबाही लिहायला घेतलं होतं, आणि मग काय उपयोग म्हणून पाठवलंच नव्हतं. तेही त्या लॅपटॉपवरच राहिलं होतं. भाऊंच्या घरची कुणी बाई असती तर 'थकली' म्हणाली असती. 'थकले' म्हणणारी ती एकटीच.

आणि मग बाकीचं सगळं एकदम उघडं पडलं. दिवा लागल्यासारखं नव्हे, पायाखालची पायरी नसावी तसं. भाऊंना काहीतरी म्हणायचं होतं, कदाचित थकव्याचंच. पण ते त्यांच्या बोलीत. घरात, फोनवर, म्हशीपुढे ते जी बोलत, त्या वऱ्हाडीत. ती बोली डबीनं कधी ऐकलीच नव्हती. तिला ठाऊक होती फक्त शर्वरीची छापील मराठी. भाऊ मनातल्या मनात 'मले' म्हणत असतील तर डबी म्हणत असेल, या माणसाला 'मला' म्हणायचं आहे. आणि तिथून पुढे जवळात जवळचं जे वाक्य सापडेल, ते.

ती सगळी वाक्यं शर्वरीची होती.

"मॅडम," तिनं इरफानाला विचारलं, "यातून मी दिलेलं सगळं काढता येईल?"

"काढलं तर अंदाज कशावर बांधायचा? नुसती सुटी अक्षरं येतील."

"दुसरं काही दिलं तर? त्यांचं बोलणं. खरं बोलणं."

"किती आहे? तासभराचं जरी असलं तरी चालेल. जाळीची ओळख झालेली आहेच, फक्त शब्द बदलायचेत." इरफाना सावकाश म्हणाली. ती आता शर्वरीकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होती. "तुम्हाला काय वाटतंय?"

शर्वरीनं पर्समधून भाऊंचा फोन काढला. आजारपणापासून तो तिच्याकडेच असायचा. भाऊंना टाइप करायचा कंटाळा. बायकोला ते आवाजी निरोप पाठवत, गाडीतून, विश्रामगृहातून, मंत्रालयाच्या जिन्यातून. ते बोलू लागले की शर्वरी सवयीनं बाहेर जात असे.

तिनं गावी फोन लावला. यमुनाकाकूंना विक्रांतनं गावीच ठेवलं होतं. आई समोर आली की रडते, बाबांचा रक्तदाब वाढतो, म्हणून.

"काकू, भाऊंचे तुम्हाला आलेले निरोप ऐकू का? डॉक्टरांना हवेत. तुमची हरकत नसेल तरच."

"हरकत काहाची वं?" काकू म्हणाल्या. "त्यात काय लपोलं हाये? म्हशीचं न् तुरीचं हाये सारं. ऐका." मग थोडं थांबून, "कसे हायेत? टीव्हीवर तं लय मोठं मोठं बोलतात. मले त्यातलं काई उमजत नाई. एकडावही माहं नाव घेतलं नाई त्याईनं."

"घेतील," शर्वरी म्हणाली. हे वाक्य मात्र कुणासाठी लिहिलेलं नव्हतं.

* * *

निरोप डबीत उतरत होते आणि ती कानाला यंत्र लावून ऐकत होती. भाऊ म्हणत होते, वासराले दूध सोडजो, सारं काढू नको. भाऊ म्हणत होते, गोळी घेतली का नाई, खरं सांग. भाऊ एका निरोपात नुसतेच शिट्टी वाजवत होते. दुसऱ्यात म्हणत होते, "आज भाषन झालं. लोकाईनं लय टाळ्या वाजोल्या. मले तं अर्धं समजलंच नाई बाप्पा, पन पोरगी चांगलं लिवते."

वीस वर्षं ज्या माणसाच्या तोंडून ती बोलली, त्याला ती पहिल्यांदा ऐकत होती. तो गमत्या होता. हे तिला माहीतच नव्हतं. त्या सगळ्या निरोपांत तिचा उल्लेख तेवढा एकदाच आला, आणि तोही नावाशिवाय.

"झालं," इरफाना म्हणाली. "भाऊ, आता बोलून बघा. सावकाश."

डबी खरखरली. वाक्य जुळायला वेळ लागत होता.

"मले... घरी... ने."

इरफानानं पडद्यावरून मान वर केली.

"मले घरी ने," डबी पुन्हा म्हणाली. या वेळी सलग.

इरफानानं पडद्यावर बोटं चालवली. जाळीनं टिपलेलं सगळं पहिल्या दिवसापासून साठवलेलं होतं. तिनं दोन आलेख एकावर एक ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिली. "हाच सांगाडा," ती म्हणाली. "म, ल, घ, र, न. दवाखान्यात भाऊ पहिलं वाक्य बोलले ना, घराघरांत पाणी न्यायचं आहे... तेव्हा जाळीनं टिपलेलं हेच होतं. नंतरही रोज. काही दिवशी तर दिवसभर."

शर्वरीला ते पाच महिने डोळ्यांपुढे दिसले. भाऊ म्हणत होते मला घरी ने, आणि सभामंडप टाळ्या वाजवत होते.

विक्रांत वडिलांच्या खुर्चीपाशी खाली बसला. त्यांचा हात त्यानं हातात घेतला. क्षणभर तो अगदी लहान दिसला. मग उठला, आणि खिडकीशी जाऊन बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहत म्हणाला, "जुनंच चालू करा."

"विक्रांत," शर्वरी म्हणाली.

"ताई, मला कळतंय. मी नेईन त्यांना घरी. उद्या नेईन. पण आज ते आत जाऊन हे बोलले तर सरकार पडेल, पक्ष फुटेल. बाबांनी चाळीस वर्षं जे उभं केलं ते दुपारपर्यंत संपेल. त्यांना तरी ते आवडेल का? तुम्ही सांगा, तुम्ही त्यांना सगळ्यात जवळून ओळखता."

शर्वरी त्यांना ओळखत नव्हती, हे तिला अर्ध्या तासापूर्वीच कळलं होतं.

* * *

सभागृहात भाऊंच्या खुर्चीसोबत दोघींनाच परवानगी होती. इरफाना डॉक्टर म्हणून आणि शर्वरी मदतनीस म्हणून. विक्रांत वर प्रेक्षकांत बसला. डबीत आता दोन्ही होतं, जुनं आणि नवं. मागच्या बाजूला एक चिमुकली कळ होती. निघताना विक्रांतच्या समोर इरफानानं ती जुन्याकडे फिरवली होती. मग डबी शर्वरीच्या हातात देताना हलकेच म्हणाली, "माझं काम यंत्र नीट ठेवण्याचं. याच्यापुढे माझा अधिकार नाही."

अध्यक्षांनी घसा साफ केला.

"भाऊसाहेब, तुम्हाला पाहून सर्वांना आनंद झाला. प्रश्न सोपा आहे. आज या सभागृहात तुम्हाला मनापासून काय सांगायचं आहे?"

डबीच्या पोटात एक भाषण तयार होतं. शर्वरीनं पहाटे मुद्दे दिले होते आणि डबीनं ते फुलवलं होतं. तिला माहीत होतं, ते सुंदर होतं. 'मनापासून' या शब्दावर तर डबी झेप घेईल, नदीपासून सुरू करील आणि तहानेवर आणून ठेवील. अध्यक्ष मान डोलावतील. कुणालाही कळणार नाही. आणि मधे अडखळायला, शब्द गिळायला, घाईत अर्धं पान सोडून द्यायला या वेळी कुणीच नव्हतं. तिचं लिहिणं सभागृहात पहिल्यांदाच जसंच्या तसं, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं जाणार होतं. वीस वर्षं तिला हेच हवं होतं, आणि ते अंगठ्याच्या खाली होतं. काहीही न करणं एवढंच पुरेसं होतं.

भाऊंचे डोळे तिला शोधत होते.

तिनं कळ फिरवली.

"मले घरी ने," डबी म्हणाली.

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

अध्यक्ष पुढे वाकले. "भाऊसाहेब, ऐकू आलं नाही नीट. पुन्हा सांगता?"

डबी खरखरत राहिली. मग आवाज आला, कातावलेला, जिवंत, बुलडाण्याच्या कुठल्याही पारावर ऐकू येईल असा.

"मले घरी जाचं हाये. किती खेपा सांगू, बाप्पा?"

पहिल्या बाकावरचे एक म्हातारे आमदार, भाऊंचे जन्माचे विरोधक, उभे राहिले. त्यांना काही बोलायचं असावं. नुसतेच उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचे उठले, मग पलीकडचे. शर्वरीनं खुर्ची वळवली आणि ती भाऊंना घेऊन बाहेर पडली. वर प्रेक्षकांत तिनं पाहिलं नाही.

* * *

सरकार पडलं नाही. भाऊंचा राजीनामा आला, विधेयक मागं पडलं, आणि पुढच्या अधिवेशनात दुसऱ्याच कुणाच्या पाठिंब्यानं ते मंजूर झालं. भाऊंनी त्यावर काय मत दिलं असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी नेताना गाडीत शर्वरीनं त्यांना तेही विचारलं होतं. भाऊ म्हणाले होते, "मी वाचलंच नाई थे." आणि मग सबंध वाटभर फोनवर काकूंशी बोलत राहिले होते, एकेक शब्द जुळवत.

विक्रांतला तिच्यावर राग धरायला फार वेळ लागला नाही आणि सोडायलाही. महिनाभरानं त्यानं तिला बोलावून घेतलं आणि चहा पाजला. पक्ष आता तोच चालवणार होता.

"बाबा घरी सुखात आहेत, ते बरंच झालं," तो म्हणाला. "पण लोकांना भाऊ हवेत, ताई. आणि आपल्याकडे आहेत ना. ते जुनं, तुमच्या भाषणांवर तयार झालेलं. त्याला जाळी लागत नाही. मुद्दे दिले की बोलतं. मी लपवणार नाहीये, उघड सांगणार आहे. भाऊंच्या विचारांचा आवाज."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की. हवं तर या अधूनमधून. नजर टाकायला." त्यानं तिच्या नजरेला नजर दिली नाही. "खरं सांगू? तुम्ही लिहिलेलं आणि त्यानं लिहिलेलं, मला आता फरक कळत नाही."

ती गेली नाही. एका महाविद्यालयात तिला तासिकेवर शिकवायचं काम मिळालं. मुलं चांगली होती. निबंध मात्र सगळे कुठल्या ना कुठल्या यंत्राकडून लिहून आणत. ती कुणाला रागं भरली नाही. घरी आली की ती कधी कधी कोरा पडदा उघडून बसे. स्वतःसाठी काही लिहावं म्हणून. 'मी' एवढं उमटे आणि पुढे तिला काही सुचत नसे. कोंडी नव्हती, घाई नव्हती, अंगावर धावून येणारं कुणी नव्हतं. तशा मोकळ्या वेळात तिला कधी सुचलंच नव्हतं.

हरभरा निघाला त्या सुमारास ती भाऊंना भेटायला गेली. खामगावच्या पुढे फाट्यावर उतरून रिक्षानं. पत्र्याच्या पडवीत भाऊंची खुर्ची होती, मांडीवर तीच डबी. समोर म्हैस रवंथ करत होती. काकूंनी तिला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग त्या आत हरभऱ्याचे घाटे सोलायला बसल्या. आतला टीव्ही चालू होता.

भाऊंना तिला पाहून बरं वाटलं असावं. डोळे तसे वाटले. पण त्यांच्यात बोलायला काही नव्हतं. ती हवापाण्याचं बोलली. भाऊ म्हशीचं बोलले. मग आतून टीव्हीवर टाळ्यांचा कडकडाट झाला आणि एक घोगरा आवाज घुमला.

"नदी कुणाच्या दारात थांबत नाही. थांबतो तो माणूस, ओंजळ घेऊन."

शर्वरीनं मान वर केली. वाक्य चांगलं होतं. तिचंच वाटत होतं, आणि ते तिनं लिहिलेलं नव्हतं. तिला ते सुचलं असतं की नाही, हेही आता सांगता आलं नसतं.

"कोन बोलून रायला थो?" भाऊंनी विचारलं.

"तुमीच हा ना!" काकू आतून म्हणाल्या. "विक्रांतची सभा हाये जळगावले."

"मी नाई," भाऊ म्हणाले. मग नजर शर्वरीकडे वळली. "तू?"

"मीही नाही, भाऊ."

ते थोडा वेळ ऐकत राहिले, परक्या गावातल्या परक्या माणसाचं ऐकावं तसं. "बंद कर वं," त्यांनी काकूंना सांगितलं. टीव्ही बंद झाला. म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली. भाऊ तिच्याकडेच पाहत होते. डबीत अक्षरं जुळत असल्याची बारीक खरखर ऐकू येत होती.

"तुह्या घरी कोन हाये वं पोरी?"

वीस वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. तिलाही कधी तसं वाटलं नव्हतं की त्यांनी विचारावं. राज्यातल्या कुठल्याही माणसाच्या दुःखावर तिच्याकडे वाक्य तयार असे. पूर आला, खाण कोसळली, शाळेची बस उलटली, गाडीत बसता बसता ती लिहून देत असे.

"कोणी नाही, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "आई होती. ती जाऊन दीडेक वर्ष झालं. तुम्ही तेव्हा दिल्लीला होतात, मीही तुमच्याबरोबरच होते. मला पोचायला उशीर झाला." तिचा आवाज तिला अनोळखी वाटत होता, आणि वाक्यं ओबडधोबड होती. एकही टाळी घेण्याजोगं नव्हतं. तरी ती बोलत राहिली. आईला शेवटी शेवटी फक्त लापशी आवडायची ते सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं, तो वाईट नव्हता हेही सांगितलं. घराच्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब दिसतं, त्यांच्या मुलांची नावं तिला आवाजावरून पाठ झाली आहेत, आणि ती त्यांच्याशी आजवर एकदाही बोललेली नाही, ते सांगितलं.

मधेच तिच्या लक्षात आलं की डबीची खरखर थांबली आहे. तिनं पाहिलं. भाऊंची मान किंचित कलली होती, पापण्या मिटल्या होत्या, छाती संथ वरखाली होत होती. त्यांचा डोळा लागला होता. केव्हा लागला कोण जाणे.

काकूंनी आतून डोकावून पाहिलं, आणि काही न बोलता त्या पुन्हा घाटे सोलायला वळल्या.

शर्वरीनं खुर्ची थोडी जवळ ओढली, आणि आवाज जरा खाली आणून ती पुढचं सांगू लागली.